गाडीतून उतरल्यानंतर



१८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. वैद्यक शिकायला अमेरिकेला जायचं ठरलं होतं, पती गोपाळराव बरोबर जाणार नव्हते, आणि लोकांनी प्रश्नांनी भंडावून सोडलं होतं. आनंदीबाईंनी ते प्रश्न स्वतःच ओळीने मांडले आणि एकेकाला उत्तर दिलं. त्यांतले दोन असे होते: मी एकटी का जाते, आणि माझ्यावर काही संकट ओढवलं तर मी काय करीन. मुंबईत शाळेला जाताना काय सोसावं लागलं, तेही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं आहे. रस्त्यात लोक जमत, हसत. आपापल्या ओसरीवर बसलेली भली माणसं शेरे मारत आणि वर खडेही फेकत. आता यातली विसंगती पाहा. खडे फेकणाऱ्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. सगळी प्रश्नपत्रिका मुलीसाठी होती. एकशे चाळीस वर्षं उलटली, तरी कोल्हापूरहून पुण्याला क्लाससाठी निघालेल्या किंवा नांदेडहून मुंबईला मुलाखतीला चाललेल्या मुलीपुढे तीच प्रश्नपत्रिका येते: सोबत कोण आहे, पोचायला किती वाजतील, उशीर झाला तर काय करशील. हे प्रश्न मायेपोटी विचारले जातात आणि त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. पण ते चुकीच्या पत्त्यावर जातात असं माझं मत आहे, आणि ते आज पुराव्यांनिशी मांडावं असा विचार आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण ती माझ्या विषयाच्या विरोधात जाते असं वाटू शकतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ या एका वर्षात बलात्काराचे ३१ हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले, आणि वर्षानुवर्षं यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. म्हणजे कागदावर पाहिलं तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसापेक्षा ओळखीच्या घरात धोका जास्त. मुलीला घरी ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं, ही समजूत इथेच लटकी पडते. पण या आकड्याचा उलटा अर्थ काढून रस्ते सुरक्षित आहेत असंही म्हणता येणार नाही. रस्त्यावर कमी गुन्हे नोंदले जातात याचं एक कारण मुळात रस्त्यावर स्त्रियाच कमी असतात. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचा अभ्यास झाला, तेव्हा असं दिसलं की शहरी भारतात पाहणीच्या दिवशी घराबाहेर एकदा तरी पडलेल्या स्त्रिया ४७ टक्के होत्या, पुरुष ८७ टक्के. निम्म्याहून अधिक स्त्रिया दिवसभरात उंबरठा ओलांडत नाहीत, अशा शहरांत रस्त्यावरचे गुन्हे मोजून रस्त्यांना गुण देणं म्हणजे रिकाम्या वर्गाचा निकाल लावणं आहे.

मग जी बाहेर पडते तिला धोका नेमका कुठे गाठतो? महाराष्ट्रातल्या काही घटना शेजारी शेजारी ठेवून पाहू. २००९ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या खराडी बायपासवर नोकरीवरून परतणारी तरुणी वाहनाची वाट पाहत होती. तिला घरी सोडतो म्हणणाऱ्या चालकाने आणि त्याच्या साथीदारांनी तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला. २०१४ च्या जानेवारीत आंध्रातून आलेली तरुण अभियंता पहाटे मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर गाडीतून सुखरूप उतरली आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर नाहीशी झाली; काही दिवसांनी तिचा मृतदेह कांजूरमार्गजवळ सापडला. २५ फेब्रुवारी २०२५ ला पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकावर पहाटे फलटणच्या गाडीसाठी थांबलेल्या तरुणीला, तिच्या तक्रारीनुसार, एका माणसाने ‘ताई’ म्हणून हाक मारली, फलटणची गाडी पलीकडे लागली आहे असं सांगितलं, आणि आवारात उभ्या असलेल्या अंधाऱ्या शिवशाही बसमध्ये नेऊन तिच्यावर अत्याचार केला. यांपैकी एकही घटना धावत्या एसटीत किंवा धावत्या रेल्वेत घडलेली नाही. गाडी येण्याआधीच्या आणि गाडी गेल्यानंतरच्या वेळात, म्हणजे प्रवासाच्या सांध्यांवर त्या घडल्या.

स्वारगेटच्या प्रकरणावर थोडं थांबायला हवं, कारण त्यात सगळं सार आहे. खटल्याचा निकाल न्यायालय लावील; आपल्याला आरोपीविषयी नव्हे, स्थानकाविषयी बोलायचं आहे. ते स्थानक निर्जन नव्हतं. राज्यातल्या सर्वांत वर्दळीच्या स्थानकांपैकी ते एक, आणि पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. जी गोष्ट तिथे नव्हती ती अगदी साधी होती: फलटणची गाडी कोणत्या फलाटावर लागेल, हे खात्रीने सांगणारं अधिकृत कुणीतरी. ज्याने एसटीने प्रवास केला आहे त्याला ठाऊक आहे की चौकशीच्या खिडकीत पहाटे कुणी असेलच असं नाही, ध्वनिक्षेपकावरचं बोलणं निम्मं कळत नाही, फलाटावरची पाटी एक सांगते आणि गाडी दुसरीकडे लागते. अशा वेळी आपण सगळेच शेजारच्या माणसाला विचारतो. माहितीची ही पोकळी जो भरून काढतो, त्याच्या हाती त्या क्षणी सत्ता जाते. गुन्हेगाराला तिथे ना शस्त्र लागतं ना अंधारी गल्ली. गणवेशाविना वाहतूक नियंत्रक होता आलं की पुरतं. घटनेनंतर तिने आरडाओरडा का केला नाही, असा प्रश्न जबाबदार पदांवरच्या माणसांच्या बोलण्यातूनही डोकावला. नियंत्रकाच्या खुर्चीत त्या वेळी कोण होतं, हा प्रश्न त्या मानाने फारच कमी विचारला गेला. सुरक्षारक्षक बदलले गेले, आगारांतल्या भंगार गाड्या हलवायचे आदेश निघाले. ते योग्यच होतं. पण भंगार गाडी ही जागा होती. कारण वेगळं होतं.

सांधा धोक्याचा का, याचं उत्तर आपल्या कारभाराच्या वाटणीत आहे. गाडीत चालक-वाहक असतात, त्यांची नावं ड्यूटीपत्रकावर असतात. फलाट रेल्वेचा, तिथे रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस. स्टेशनच्या पायऱ्या उतरलं की शहर पोलिसांची हद्द. रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा, रिक्षाचा परवाना परिवहन खात्याचा, महामार्गावरचा थांबा बहुधा कुणाचाच नाही. प्रवासी मात्र एकच असते आणि तिचा प्रवास घरापासून घरापर्यंत सलग असतो. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला यावरून तक्रारदाराला परत पाठवू नये, म्हणून ‘झिरो एफआयआर’ची तरतूद करावी लागली आणि १ जुलै २०२४ पासून ती नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. गुन्हा घडून गेल्यावर हद्दीची भिंत पाडायला कायदा तयार झाला; गुन्ह्याआधीची तीच भिंत अजून उभी आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. तो म्हणतो, समाज सुधारेल तेव्हा सुधारेल. चोर आहेत म्हणून आपण दाराला कुलूप लावतोच ना, तसं मुलींनी जपून राहावं. वरवर हे बिनतोड वाटतं. पण कुलपाची किंमत काय आणि या जपण्याची किंमत काय, याचा हिशेब कुणी मांडत नाही. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ संशोधिकेने दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजनिवडीचा आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या मार्गांचा ताळा घालून पाहिला. निष्कर्ष असा निघाला की अधिक सुरक्षित वाटणाऱ्या वाटेसाठी मुली बऱ्याच खालच्या दर्जाचं कॉलेज पत्करायला तयार होतात, आणि मुलग्यांच्या तुलनेत वर्षाला हजारो रुपये जास्त मोजायलाही. गुण तेवढेच, शहर तेच. बसच्या मार्गापायी पदवीचा दर्जा उतरतो आणि पुढे आयुष्यभराच्या कमाईवर त्याचा परिणाम होतो. कुठल्याही वर्तमानपत्रात ही बातमी येत नाही, कारण काही घडलेलंच नसतं. शिवाय कुलपाने निदान त्या घरची चोरी टळते. मुलीच्या घरी बसण्याने मात्र थांब्यावरची दुसरी मुलगी आणखी एकटी पडते. म्हणून जपून राहण्याचा सल्ला एका घरापुरता शहाणपणाचा असेल, पण सगळ्या घरांनी तो पाळला की थांबे ओस पडतात आणि धोका वाढतो.

दुसरा रूढ उपाय सोबतीचा. कुणी पुरुष बरोबर असला की झालं. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत मुनिरकाच्या थांब्यावरून खासगी बसमध्ये चढलेल्या तरुणीबरोबर तिचा मित्र होता. त्याआधी रिक्षावाल्यांनी यायला नकार दिला होता आणि सरकारी बस मिळत नव्हती. २२ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत शक्ती मिलच्या आवारात गेलेल्या छायाचित्रकार पत्रकाराबरोबर तिचा सहकारी होता. २००७ मध्ये पुण्यात खून झालेल्या बीपीओतल्या मुलीला रात्रपाळीसाठी न्यायला कंपनीने ठरवलेली गाडी आली होती. म्हणजे सोबत आणि वाहन दोन्हींची व्यवस्था झाली होती, आणि खुनी त्या व्यवस्थेतच होता. सोबत निरुपयोगी असते असा याचा अर्थ नाही. सोबतीवर धोरण उभं करता येत नाही, एवढाच अर्थ आहे. आपल्या कायद्यानेही हे कधीकाळी ओळखलं होतं. रेल्वे कायद्याच्या १३९ व्या कलमात असं आहे की पुरुष सोबत नसलेल्या स्त्रीला विनातिकीट म्हणूनही वाटेतल्या भलत्या स्टेशनावर उतरवायचं नाही. तिचा प्रवास जिथून सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण अशाच जागी, आणि तेही दिवसा उतरवायचं. कलमाची भाषा जुन्या वळणाची आहे, पण धोका उतरण्याच्या जागेत आणि वेळेत असतो हे ते लिहिणाऱ्याला पक्कं कळलं होतं.

मग वेगळा डबा, वेगळी गाडी? मुंबईकरांना हा उपाय सिद्ध झालेला वाटतो, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी महिलांची विशेष लोकल सुरू झाली. तिने आणि तिच्याआधीपासून चालत आलेल्या महिलांच्या डब्यांनी या शहरातल्या कित्येक पिढ्यांना नोकरी करू दिली. मुंबईची मुलगी रात्री दहाला बिनधास्त लोकल पकडते, याचं श्रेय बहुतेक जण त्या डब्याला देतात. पण १९९८ मध्ये जोगेश्वरीजवळ चोराला विरोध करणाऱ्या तरुणीला ढकललं गेलं ते महिलांच्याच डब्यातून. तिने दोन्ही पाय गमावले. आणि १ फेब्रुवारी २०११ ला केरळात एर्नाकुलम-शोरनूर पॅसेंजरमध्ये बाकीच्या स्त्रिया उतरून गेल्यावर गाडीच्या शेपटाकडच्या महिलांच्या डब्यात एकच तरुणी उरली होती. तिच्यावर तिथे हल्ला झाला, आणि रुळांवर जखमी सापडलेली ती मुलगी काही दिवसांनी मरण पावली. दोन्हीकडे डबा राखीव होता. संध्याकाळी सहाचा गच्च डबा आणि रात्री अकराचा रिकामा डबा यांच्या दारावरची पाटी एकच असते, पण पहिल्यात शंभर जणींचं राज्य असतं आणि दुसऱ्यात पाटीखेरीज काहीच नसतं. किंबहुना रिकामा राखीव डबा हल्लेखोराला नेमकी जागा दाखवून देतो. मुंबईत रात्रीच्या गाड्यांत महिलांच्या डब्यात पोलीस नेमावे लागले ते याचसाठी. संरक्षण बायकांच्या संख्येने केलं होतं. श्रेय पत्र्याच्या भिंतीला मिळालं.

इथे सर्वांत टोकदार आक्षेप येतो. संख्या, गर्दी यांचं एवढं कौतुक करता, तर धक्के, चिमटे, अंगाला हात लावणं हे सगळं गर्दीतच होतं की नाही? होतं. एसटी स्थानकात गाडीत चढायला झुंबड उडते तेव्हा काय होतं हे या सभागृहातल्या कुठल्याही बाईला सांगायला नको, आणि हा त्रास किरकोळही नाही. शिक्षण सोडायला तो पुरतो. शिवाय नुसती बघ्यांची गर्दी मदतीला धावतेच असं नाही. केरळच्या त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालपत्रात एका सहप्रवाशाची साक्ष आहे. शेजारच्या डब्यात त्याने किंकाळ्या ऐकल्या होत्या आणि साखळी ओढायचं त्याच्या मनात होतं. पण दारात उभ्या असलेल्या एका मध्यमवयीन माणसाने सांगितलं की मुलगी उडी मारून पळाली आहे, उगाच लक्ष घातलं तर सगळ्यांना कोर्टाच्या खेपा पडतील. गाडी पुढे गेली. म्हणून संख्येला माझी एक पुरवणी आहे: तिथे ज्याचं ते कामच आहे असा माणूस हवा. साखळी ओढणं हे ज्याचं कर्तव्य आहे, त्याला दारातला मध्यमवयीन गृहस्थ परावृत्त करू शकत नाही. एसटीच्या गाडीत वाहक असतो, म्हणून त्याच गर्दीत बाई त्याच्याकडे तक्रार करू शकते आणि गाडी पोलीस ठाण्याकडे वळवली जाऊ शकते. खासगी बसमध्ये, वडापच्या जीपमध्ये, फलाटावर तो नसतो. गर्दीतही स्त्रियांचं प्रमाण किती, याने चित्र पालटतं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेफ्टीपिन’ या उपक्रमाने रस्त्यांची पाहणी करताना दिवे, पदपथ, वाहतूक यांच्याबरोबर त्या जागी स्त्रिया किती दिसतात हाही एक निकष धरला, तो विचारपूर्वकच.

कॅमेऱ्यांबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण त्यांच्यावर आपली श्रद्धा फार आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसवर कॅमेरे होते. त्यांनी त्या तरुणीला एका माणसाबरोबर जाताना टिपलं. त्या चित्रणावर भर देत खटला उभा राहिला, २०१५ मध्ये आरोपीला फाशी झाली, आणि २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. चित्रणाला कायद्याने लागणारं प्रमाणपत्रच जोडलेलं नव्हतं. कॅमेऱ्याने तिला वाचवलं नाही, आणि पुढे साक्षही देता आली नाही. कॅमेरा लावणं सोपं असतं, त्याच्या पडद्यासमोर रात्रभर जागा माणूस बसवणं आणि त्याने पाहिल्यावर फलाटावर धावून जाणारा दुसरा माणूस नेमणं खर्चाचं असतं. प्रवासी वाहनांतल्या पॅनिक बटणांचीही तीच गत: बटण दाबल्यावर पलीकडे कोण आहे यावर त्याची किंमत ठरते. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटींचा निर्भया निधी उभारला, आणि त्यातला मोठा वाटा बरीच वर्षं पडून राहिला. यंत्रं घ्यायला निविदा काढता येते. माणूस नेमायला पद मंजूर करावं लागतं.

आता संख्या वाढते कशाने, ते पाहू, कारण इथे महाराष्ट्राकडे दाखवण्याजोगं काही आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींच्या शाळेच्या वेळेशी जुळवून निळ्या गाड्या सोडल्या गेल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली मिळाल्या, तेव्हा माध्यमिक शाळेत मुलींची भरती सुमारे एक तृतीयांशाने वाढली, असं कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी दाखवून दिलं. शाळा दूर होती तिथे परिणाम जास्त दिसला, आणि मुली घोळक्याने जात हेही त्यामागचं एक कारण त्यांनी नोंदवलं. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीचं तिकीट स्त्रियांसाठी निम्मं झालं. ही फुकटेगिरी आहे अशी टीका झाली. मला ती मान्य नाही. स्थानकांवर बायकांची वर्दळ वाढवणारा दुसरा कुठलाही उपाय इतक्या लवकर लागू झालेला नाही. माझी तक्रार वेगळी आहे: तिकीट निम्मं झालं आणि फलाट होता तसाच राहिला. ज्यांना प्रवासाला बोलावलं त्यांच्यासाठी पहाटे पाचला चौकशीच्या खिडकीत माणूस, रात्रभर उघडं आणि उजेडाचं प्रतीक्षालय, वापरता येईल असं स्वच्छतागृह, हे सवलतीचाच भाग मानायला हवं होतं.

सांधे सांभाळणं म्हणजे काय, याचा एक नमुना रेल्वेकडेच आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘मेरी सहेली’ उपक्रमात लांब पल्ल्याच्या गाडीत एकट्या निघालेल्या स्त्रीला सुटण्याच्या स्टेशनावरच रेल्वे सुरक्षा दलाच्या महिला जवान भेटतात, तिचा डबा आणि आसन टिपून घेतात, आणि वाटेतल्या स्टेशनांना ती माहिती पुढे जाते. यात यंत्र नाही. एका माणसाने दुसऱ्याकडे जबाबदारी सोपवणं आहे. त्रुटी एवढीच की ही साखळी उतरण्याच्या फलाटावर संपते, आणि पहाटे साडेचारला टर्मिनसबाहेर जिथे टॅक्सीवाले, दलाल आणि नुसतेच उभे असलेले लोक गराडा घालतात, तिथे तिची खरी गरज असते. अधिकृत प्रीपेड खिडकी रात्रभर चालू ठेवणं, वाहनाचा क्रमांक पावतीवर देणं, त्या दोनशे पावलांच्या पट्ट्यासाठी रेल्वे आणि शहर पोलीस यांनी मिळून एकाच अधिकाऱ्याला नावानिशी जबाबदार धरणं, यांत अशक्य काही नाही.

खर्चाचा आक्षेप राहतोच. एसटी महामंडळ आधीच तोट्यात, माणसं कुठून आणणार? पण सगळे उपाय खर्चाचे नसतात. बसमधून उतरून घरी जाणाऱ्या स्त्रियांवर हल्ले होत होते म्हणून टोरंटोच्या परिवहन संस्थेने १९९१ मध्ये रात्री स्त्री प्रवाशाला दोन थांब्यांच्या मध्ये हवं तिथे उतरण्याची मुभा दिली. १९९६ मध्ये माँट्रियलनेही तेच केलं. केरळच्या राज्य परिवहनानेही रात्रीच्या गाड्यांसाठी असा आदेश काढला. आपल्याकडे रात्रीच्या मुक्कामी गाडीचा वाहक गावच्या मुलीला वस्तीच्या वाटेवर उतरवतो, नाही असं नाही. पण ती त्याची मर्जी असते, आणि अनोळखी वाहक असला की फाट्यावरून अर्धा कोस अंधारात चालत जावं लागतं. ही मर्जी परिपत्रकाने हक्कात बदलावी. चालक म्हणतील, घाटात किंवा महामार्गाच्या वेगवान मार्गिकेवर गाडी कुठेही उभी करता येत नाही, वेळापत्रक बिघडतं आणि अपघात झाला तर दोष आमच्यावर येतो. आक्षेप रास्त आहे. म्हणून आदेशात मार्ग आणि वेळ स्पष्ट लिहावी, रात्री नऊनंतरच्या साध्या गाड्यांपुरतं ते ठेवावं, महामार्गावर सेवारस्त्याच्या तोंडाशी थांबण्याच्या जागा आगारप्रमुखांनी आधी ठरवून द्याव्यात, आणि त्या ठरवताना आगारातल्या महिला वाहकांना आणि त्या मार्गावर रोज पास काढून जाणाऱ्या मुलींना विचारावं. कोणत्या वळणावर दिवा नाही आणि कोणत्या टपरीपाशी कोण बसतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.